साहेबाची सुरी

माझे म्हणावेत असे अकरा खंजीर माझ्याकडे आहेत आणि त्यांतल्या एकानंही टोमॅटो चिरता येत नाही. हा शोध बायकोचा. लग्नात मिळालेली विळी-सुरी मोडल्यावर तिनं एकदा खरंच प्रयत्न केला होता. "घरात अकरा सुऱ्या आणि भाजीला एक धड नाही," असं ती आल्यागेल्याला सांगते, आणि आल्यागेल्याला ते लगेच पटतं.

हे खंजीर लढाईचे नाहीत. लष्करी अधिकाऱ्यांनी समारंभाला, गणवेशाबरोबर, कमरेला लटकवायचे. जगातल्या बऱ्याच सैन्यांत कधी ना कधी ही पद्धत होती. मूठ सोनेरी मुलाम्याची, पात्यावर वेलबुट्टी, कुठे मुकुट, कुठे गरुड. धार मात्र नसते. ती मुद्दामच ठेवत नसत. मेजवानीला बसताना साहेबानं स्वतःचीच मांडी कापून घेऊ नये, एवढाच विचार त्यामागे असावा, असा माझा अंदाज आहे.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. दर वर्षी सुरक्षा सप्ताह व्हायचा. पाहुणे यायचे, त्यांना फेटा बांधायचे आणि फेट्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून हेल्मेट त्यांच्या हातात द्यायचे. ते हातात हेल्मेट धरून हेल्मेट डोक्यावर घालण्याचं महत्त्व सांगायचे. असं एकतीस वेळा ऐकल्यावर माणूस एक तर कीर्तनकार होतो किंवा संग्राहक. मिरवणूक संपल्यावर रस्त्यावर काय पडून राहतं, ते बघण्याची मला सवय लागली. हे खंजीर म्हणजे तसंच पडून राहिलेलं सामान. ज्यांनी ते लटकवले त्यांची राज्यं गेली, साहेब गेले, आणि मूठ तेवढी रोह्याजवळच्या वरसे गावात, सिमेंटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझ्या कपाटात आली.

ते मला मिळवून देतो रोह्याच्या बाजारपेठेतला माझा एक मित्र. त्याचं नळजोडणीच्या सामानाचं दुकान आहे. त्याचे दोन भाऊ आणि तीन पुतणे आखातात कामाला आहेत, आणि तिथल्या जुन्या बाजारांत कोणत्या देशाचं भंगार कुठून येऊन पडेल याचा नेम नसतो. पुतण्या सुटीवर आला की मित्राचा फोन येतो, "ये, तुझा माल आलाय." अकरांतले आठ असेच आले. बारावा मात्र आखातातून येणार नव्हता. तो पेण तालुक्यात होता, गागोद्याच्या अलीकडच्या एका गावात, आणि मी वीस वर्षं त्याच्यामागे होतो.

"ती तुझी पेणवाली अजून हो म्हणत नाय?" मित्र दुकानातूनच ओरडून विचारायचा. बरोबर बायको असली तर मुद्दाम जास्त मोठ्यानं.

पेणवाली म्हणजे त्या वेळी साठीच्या, आता ऐंशी पार केलेल्या एक बाई. घर शेतकऱ्याचं, भात आणि वाल पिकवणारं. कंपनीतला एक सहकारी त्याच गावचा. त्याच्या मुलाच्या पाचवीला त्यानं मला नेलं होतं. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी बायका पाटा-वरवंट्याची पूजा करतात, आणि त्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, म्हणून बाळाच्या उशाशी काहीतरी लोखंडी धारेचं ठेवतात. कोयता, विळा, जे घरात असेल ते. या गावात मात्र कोयता ठेवत नाहीत. या गावात त्या बाईंच्या घरून 'साहेबाची सुरी' येते.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा सुरी म्हणून ओळखूच आली नाही. दोन वितींहून थोडी लांब, टोकदार, काळी. मुठीच्या जागी दोऱ्यांचा एक गोळा. रीत अशी, की ज्या बाळाच्या उशाशी सुरी राहिली त्याच्या आईनं सकाळी हळदकुंकवात भिजवलेला एक दोरा मुठीला बांधायचा आणि सुरी परत करायची. दोऱ्यावर दोरा, त्यावर तेल, त्यावर चुलीची काजळी. गोळ्याच्या खालून आडव्या पट्टीचं एक टोक तेवढं बाहेर डोकावत होतं, आणि त्या टोकाला ओक झाडाच्या टोपीवाल्या फळासारखा पितळी गोंडा होता. तो गोंडा बघून माझा घास हातातच राहिला. असा गोंडा आमच्याकडचा लोहार करत नाही.

घरची कथा अशी. बाईंचे आजेसासरे मुंबईच्या गोदीत होते. तिथे त्यांनी एका गोऱ्या साहेबाला पाण्यात पडताना वाचवलं आणि साहेबानं खूश होऊन कमरेची सुरी काढून दिली. मी आजवर ऐकलेल्या प्रत्येक जुन्या शस्त्रामागे वाचवलेला एक साहेब असतो. इतके साहेब पाण्यात पडत होते तर त्यांनी साम्राज्य चालवलं कधी, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही.

मी विकत मागितली. बाई म्हणाल्या, "नाय बा." दुसऱ्या वर्षी परत गेलो. "गावाला लागते ती." मग दर थंडीत, वालाच्या शेंगा भरल्या की मी काहीतरी निमित्त काढून जायचो. बाई शेंगा द्यायच्या, चहा द्यायच्या, सुरी दाखवायच्या आणि परत फडताळात ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एवढं शिकलेले. तुमाला नातवंडं नायत, मग सुरी कशाला?" मी शेंगा घेऊन आलो.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या नातसुनेचा फोन आला. ही मुलगी पेणला औषधांच्या दुकानात कामाला. तिला दिवस गेले होते आणि दोन आठवड्यांवर तारीख होती. हे दुसरं. पहिलं बाळ एकविसाव्या दिवशी गेलं होतं. त्या वेळी पनवेलच्या हॉस्पिटलात नऊ दिवस राहावं लागलं, पाचवी तिथेच झाली आणि वॉर्डात सुरी नेऊ दिली नाही. डॉक्टरांनी बाळाच्या हृदयात दोष असल्याचं कागदावर लिहून दिलं होतं. कागद घरात होता. पण आजी काय म्हणत होत्या हे मला न सांगताही कळलं.

"काका, माझा यावर विश्वास आहे असं नाय," ती म्हणाली. "पण या वेळी सुरी ठेवायचीच असं ठरलंय. फक्त तिचं पातं मुठीत हलतंय. रात्री बाळाच्या अंगावर पडलं तर काय घ्या? तुम्ही त्यातलं जाणता म्हणून विचारते. घट्ट करून द्याल?"

वीस वर्षांत पहिल्यांदा ती सुरी मला हातात घेऊन घरी नेता येणार होती. मी दुसऱ्याच सकाळी गाडीनं पेणला गेलो. आजींनी सुरी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवली. "पाचवीच्या आधी आणा म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या. परतताना रोहा स्टेशनपर्यंत मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घट्ट करण्याचं काम अर्ध्या तासाचं होतं. मुठीच्या टोकाला एक खिळा सैल झाला होता, तो दिसण्यापुरते पाच-सहा दोरे सरकवले असते तरी चाललं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी टेबलावर पांढरा कागद अंथरला. शिशीतून द्रावक काढलं, कापूस, बांबूच्या काड्या, भिंग काढलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"दोरे काढताय?"

"गंज आहे आत. दोऱ्यांनी ओल धरलीय."

"त्यांना विचारलंत का?"

"घट्ट करायचं म्हणजे ते आलंच."

"मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगताय," असं म्हणून ती आत गेली. मी निवृत्त झाल्यापासून ती माझ्याशी वाद घालत नाही. नुसतं एक वाक्य टाकून जाते, आणि ते वाक्य पुढे दिवसभर टेबलावर पडून असतं.

तीन दिवस लागले. एवढं मन लावून मी कंपनीतही काम केलं नव्हतं. आत ओल होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. दोरे कापावे लागले. सुटत नव्हते, एकमेकांत बसले होते. कापलेला प्रत्येक दोरा मी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवला. प्रयोगशाळेत नमुन्यातलं काही फेकायचं नसतं, ही सवय. शेवटी मोजले, एकशे चार भरले. ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि वर चिठ्ठी लावली: 'दोरे, मुठीवरील, १०४ नग.'

दोऱ्यांखालून पांढरी, खरखरीत माशाच्या कातड्याची मूठ निघाली. तिच्यावर सोनेरी तार. टोकाला सिंहाचं तोंड, आयाळीचा केस न् केस शाबूत. तेल, हळद आणि काजळीनं त्या मुलाम्याला असं जपलं होतं की एखाद्या संग्रहालयानं जपलं नसतं. पात्यावरचा काळा थर गेला तेव्हा नांगर दिसला, त्यावर मुकुट. मग मी पुस्तकं काढली, पण पुस्तकांची गरज नव्हती. मला कळलं होतं.

तो कोणा मोठ्या साहेबाचा खंजीर नव्हताच. नौदलात शिकाऊ म्हणून भरती होणाऱ्या पोरांना तो देत. तेरा-चौदा वर्षांची पोरं. आईला सोडून पहिल्यांदा जहाजावर चढणारी. त्यांना तलवार झेपत नसे म्हणून हा लहान. एवढ्या वर्षांची कथा, पाण्यात पडलेला साहेब, कमरेची सुरी, आणि साहेब निघाला आठवी-नववीतला. मला हसू आलं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून मित्राला फोन लावला.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "ते सगळं ठीक. पण तुला घासायला कोणी सांगितलं होतं?"

"अरे, तू बघ तरी एकदा. नव्यासारखी झालीय."

"तेच विचारतोय ना भाई. त्यांना नवी पायजेल होती?"

चौथ्या दिवशी बाळ आलं. तारखेच्या नऊ दिवस आधी, पेणलाच, मुलगी, सुखरूप. नातसुनेच्या नवऱ्याचा फोन होता. तिसऱ्या दिवशी घरी सोडतील, पाचवी घरीच, काका तुम्ही सुरी घेऊन या आणि जेवूनच जा. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मी दोऱ्यांचं काही बोललो नाही. नंतर दोन दिवस बोलायचं ठरवत राहिलो. दोरे परत गुंडाळता येतील का, तेही करून बघितलं. कापलेले दोरे, एकेक बोटाएवढे तुकडे. मुठीवर ठेवले की घसरून पडायचे.

पाचवीच्या दिवशी चारच्या सुमारास मी पोचलो. पेण स्टँडवरून सहा आसनी रिक्षात दहा माणसं होती, आणि माझ्या गुडघ्यावर कोणाचं तरी तेलाचं डबडं. ओटीवर पाटा धुऊन ठेवलेला. आत पलंगावर नातसून बसलेली, शेजारी दुपट्यात बाळ, मुठी वळून झोपलेलं. आजी पलंगाखाली शेगडी सरकवत होत्या. मी पिशवीतून सुरी काढली आणि लुगड्याचा तुकडा उलगडला. कलतं ऊन दारातून येत होतं. ती इतकी चमकली की बाळाच्या अंगावर कवडसा पडला.

आजींनी आधी सुरीकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. आणखी काही आहे का, असं.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच, मावशी. साफ केली. आत गंज होता."

"आमची अशी नाय."

नातसून चटकन म्हणाली, "आजी, तीच हाय. धुतलीय काकांनी. बरंच झालं की, निर्जंतुक तरी झाली." ती हसली. कोणीच हसलं नाही, तेव्हा तिनंही थांबवलं आणि बाळाचं दुपटं नीट केलं. ते नीटच होतं.

मी बोलत सुटलो. माझं असंच होतं; अपराधी वाटलं की मी माहिती देतो. सिंह दाखवला, नांगर दाखवला, ही नौदलाची आहे म्हणालो, मोठ्या साहेबाची नाही, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना देत असत म्हणालो. आजी ऐकत होत्या.

"म्हंजी पोराची व्हती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग कोणाच्या तरी पोराची सुरी हाय ही. घरी गेला का तो पोरगा?"

ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. मला माहीत नाही म्हणालो.

आजींनी सुरी हातात घेतली. पात्यावरून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी. "धार तर पैल्यापासून नव्हती," त्या म्हणाल्या. "दोरे व्हते ते काढलेत. मग आता हाय काय यात?"

नातसुनेनं एकदम माझ्याकडे पाहिलं. हसण्यावारी नेण्यासारखं आता तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. औषधांच्या दुकानात काम करणारी, हृदयातल्या दोषाचा कागद पाठ असलेली ती मुलगी. तिच्या ओठांचा रंग उतरला होता. "काका, दोरे टाकलेत?"

"नाही, नाही." मी घाईघाईनं पिशवी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली आणि चिठ्ठी वाचली.

"एकशे चार नग."

"नग काय?" आजींनी विचारलं.

"नग म्हणजे... पीस, आजी. आकडा."

"गो, त्यात तुझा नवरा हाय. त्याचा बाप हाय. त्या पलीकडच्या वाडीतली समदी पोरं हायत. नग म्हंजी आमी?" मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं, दात नसलेलं, खोकल्यात जाणारं. "अर्धे तर मेलेसुद्धा. बराबर मोजलेत का, भाऊ?"

"दोनदा मोजले," मी म्हणालो. हे सांगण्याची काहीच गरज नव्हती.

त्यांनी नातसुनेच्या हातातून प्लॅस्टिकची पिशवी घेतली, वरची गाठ तपासली आणि जशीच्या तशी, चिठ्ठीसकट, बाळाच्या डोक्याखालच्या घडीत सरकवली. दोन्ही हातांनी वरून दाबून सारखी केली. बाळानं तोंड वाकडं केलं आणि परत झोपलं. मग आजींनी नातवाला हाक मारून आढ्याला खोवलेला कोयता मागितला. तो भात कापायचा नेहमीचा कोयता; त्यानं तो धुवून आणला, आजींनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. नातसून आजींचा प्रत्येक हात बघत होती. सगळं झालं तेव्हा तिनं मोठा श्वास सोडला आणि भिंतीला डोकं टेकलं.

पूजेला बायका आल्या, तशी आम्ही पुरुष मंडळी ओटीवर बसलो. भात, वालाचं बिरडं, मी जेवलो. उठताना आजी बाहेर आल्या. हातात लुगड्याचा तुकडा, त्यात बांधलेली सुरी.

"घ्या. न्या ही."

"मावशी, अहो, ही तुमच्या घरची..."

"वीस वरसं मागताय. आता आमच्या काय कामाची? तुमी पुसत बसा." रागावून म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला परत देता आली असती.

नातू म्हणाला, "घ्या काका, आजी कोणाला काय देत नाय." मी घेतली. नको म्हटलं नाही, एकदाही नीटपणे म्हटलं नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "दिली." तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. माझ्या ओळखीच्या संग्राहकांत कोणाकडेही अशी शाबूत मूठ नाही. कपाट उघडलं की डोळा आधी तिच्यावरच जातो, आणि मी कपाट कमी उघडतो.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. बाळ कसं आहे? छान आहे. त्यानंतरच्या दिवशी वालाच्या बियाण्याबद्दल विचारायला केला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे तुळसही धड जगत नाही. मग निमित्तं संपली आणि मी नुसताच करू लागलो. बाळ दूध किती पितं, वजन किती, डॉक्टरांनी छाती तपासली का, काय म्हणाले. डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे. मीही आयुष्यभर नमुने तपासले आहेत, अहवाल आला की विषय संपतो हे लोकांना सांगत आलो आहे. अहवाल आला होता. बाळाच्या अठराव्या दिवशी मी दोनदा फोन केला. विसाव्या दिवशी बायको म्हणाली, "गुडघे दुखतायत तर झोपा जरा, फेऱ्या काय मारताय?" एकविसाव्या दिवशी सकाळी सातला केला तर नातसूनच बोलली, मागून बाळाचं रडणं दणदणीत ऐकू येत होतं. "ऐका, काका," म्हणून तिनं फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. त्या दिवशी मी संध्याकाळीही केला.

बाविसाव्या दिवशी मी फोन केला नाही. दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात तिचाच आला.

"काका, आज फोन नाय तुमचा. आजी विचारतायत, बरं हाय ना तुमाला?"

"बरं आहे," मी म्हणालो. "जरा झोप लागली होती."